‘कमी पाण्याची’ बाग: मे पास, आषाढ नापास

आमचं घर रत्नागिरीजवळ सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर. होळीनंतर विहीर तळ दाखवते आणि मे महिन्यात टँकर मागवावा लागतो. त्यामुळे नव्या घरापुढे लॉन हवं हा मुलाचा हट्ट मी मोडून काढला आणि नर्सरीतून जाड बुंध्याचं अडेनियम, घायपात, कोरफड, बोगनवेल, सदाफुली अशी मंडळी आणली.

उन्हाळ्यात पैकीच्या पैकी गुण. घायपात-कोरफड पानांवरची रंध्रं (बारीक छिद्रं) दिवसा मिटून रात्री उघडतात, उन्हाला दाद देत नाहीत. तांदूळ धुतलेल्या पाण्यावर सगळं भागलं. अडेनियम तर भर मेमध्ये असं फुललं की शेजारच्या काकू फोटो काढून गेल्या.

मग पाऊस लागला. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. अडेनियम मूळचं आफ्रिका-अरबस्तानातल्या कोरड्या मुलखाचं. आषाढात एका सकाळी बुंधा दाबून पाहिला तर बोट पिकल्या चिकूत जावं तसं आत गेलं. कापला तर तपकिरी लगदा आणि आंबूस वास.

नर्सरीवाला म्हणतो, “पाणी जास्त झालं असेल, काका.” अरे, ते काय मी घातलं? वर म्हणे पावसाळ्यात छपराखाली ठेवायचं असतं. मग विकताना हे सांगायला काय झालं होतं? झाड बदलून मिळालं नाही ते नाहीच. कुंडी उपसली तेव्हा कळलं, आत नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पिळलं तर पाणी गळत होतं. पाणी धरून ठेवणारं कोकोपीट, तेही असल्या झाडाला! उरलेलं अडेनियम जांभ्याची बारीक खडी, नदीची वाळू आणि थोडं शेणखत यांत लावून पोर्चमध्ये घेतलं. ते वाचलं.

बोगनवेल पावसात नुसती पानं काढत बसली, उपटणारच होतो. पण पाऊस गेल्यावर तिचं पाणी तोडलं आणि दिवाळीनंतर गेट दिसेना इतकी रंगली. मत बदललं. सदाफुली निम्मी कुजली, पण तिचं बी चिऱ्यांच्या फटीत पडून आपोआप रोपं आली, तीही फुकट!

शेजाऱ्यांकडून चाफ्याची फांदी आणली, चीक सुकू दिला आणि कुंपणाकडेला खोचली. उन्हाळ्यात पानं गाळून बसतो, पाणी मागत नाही. खर्च शून्य.

गुण पाचापैकी: चाफा पाच, बोगनवेल साडेचार, घायपात-कोरफड (पाणी साचत नाही अशा उतारावर) चार, सदाफुली साडेतीन. अडेनियम दोन, तेही पोर्च असेल तरच. कोकोपीटला भोपळा.