बिलावर लिहिलं होतं ‘हेअर स्पा’

काळ्याभोर केसांना थोडी मऊ तपकिरी छटा द्यावी, एवढीच माझी इच्छा होती. सोनेरी नको, उन्हात उभं राहिलं की जाणवेल इतकीच. चवथीला पंधरा दिवस होते. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेले तेव्हा एका पार्लरची पाटी दिसली : ब्लीच नाही, अमोनिया नाही, शंभर टक्के हर्बल, फक्त ३,५०० रुपये. मी आत गेले.

खुर्चीत बसण्याआधीच मी सांगितलं, की गेली चार वर्षं मी पाकिटातली मेंदी लावते. “काही होत नाही मॅडम, आमचं सगळं हर्बल आहे,” असं उत्तर मिळालं. ओळखीच्या कंपनीचा खोका माझ्यासमोर आणून ठेवला, पण वाटीत पडली ती लेबल नसलेल्या डब्यातली निळसर पावडर आणि एका बाटलीतलं पांढरं क्रीम. बाटलीवर ४० हा आकडा होता. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला असता तर मी तिथून उठले असते.

केसांचा काळा रंग मेलॅनिनमुळे असतो. तो रंग फिकट करायचा तर हे मेलॅनिन तोडावं लागतं, आणि पार्लरमध्ये ते काम हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. कुठल्याही पानाफुलांच्या लेपाने काळे केस तासाभरात तपकिरी होत नाहीत. बाटलीवरचा २० म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२ टक्के. ती निळसर पावडर म्हणजेच ब्लीच. ‘अमोनिया नाही’ हे खरं असलं तरी त्याचा अर्थ ‘पेरॉक्साइड नाही’ असा होत नाही. मला हवी होती तेवढी छटा न रंगवलेल्या केसांवर सौम्य पेरॉक्साइड आणि साध्या रंगानेही मिळते, त्यासाठी १२ टक्क्यांची गरजच नव्हती. आणि पाकिटातल्या काही मेंद्यांत धातूंचे क्षार मिसळलेले असतात. त्यांच्यावर पेरॉक्साइड पडलं की केस तापतात, तुटतात. म्हणूनच आधी मागची एक छोटी बट कापून त्या मिश्रणात ठेवून बघायची असते, आणि ॲलर्जीसाठी ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आत थेंब लावून बघायचा असतो. माझ्या बाबतीत यातलं काहीच झालं नाही.

वीसेक मिनिटांत डोक्यावरचा फॉइल हाताला गरम लागायला लागला आणि टाळू चुरचुरू लागली. मी सांगितलं तर मुलगी म्हणाली, “गरम होतंय म्हणजे औषध लागू पडतंय.” त्याच वेळी पार्लरच्या बाई आल्या आणि म्हणाल्या, की केस दाट आहेत, माल दुप्पट लागला, ८,२०० होतील. डोक्यावर फॉइल, मानेवर ओघळणारं क्रीम, अशा अवस्थेत कोणी उठून जाणार नाही हे त्यांना नीट ठाऊक होतं. मला सगळ्यात जास्त राग आला तो या क्षणाचा.

धुतल्यावर मुळं भडक नारिंगी आणि खालचे केस मेंदीचे काळपट तांबडे. काळा रंग उतरताना आधी तांबडा, मग नारिंगी, मग पिवळा असाच उतरतो, त्यामुळे नारिंगी दिसणं अनपेक्षित नाही. पण ‘आमचा खास शेड आहे’ म्हणून तो माझ्या गळ्यात मारला गेला आणि टोनरचे आणखी १,५०० मागितले गेले. टोनर नारिंगीपणा दाबतो, जळालेला केस परत आणत नाही. ओला केस बोटात धरला तर रबरासारखा ताणून तुटत होता. टाळूवर तीन ठिकाणी पाणी भरलेले फोड आले होते.

टोनर नको म्हटलं आणि ८,२०० देऊन बिल मागितलं. आधी ‘सिस्टीम बंद आहे’, मग हाताने लिहिलेली चिठ्ठी. घरी येऊन नीट वाचली तर त्यावर ‘हेअर स्पा’ एवढंच. ना रंग, ना ब्लीच, ना दुकानाचा शिक्का.

दुसऱ्या दिवशी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमध्ये त्वचारोग विभागात गेले. तिथल्या कागदावर रसायनाने भाजल्याची नोंद झाली आणि आज माझ्याकडे असलेला खरा पुरावा तोच आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, म्हणून तिथेही अर्ज तयार करते आहे. तुमच्यावर अशी वेळ आलीच तर वाटीचा, डब्याचा, बाटलीवरच्या आकड्याचा फोटो तिथेच काढा, आणि पैसे यूपीआयने द्या. मी रोख दिले, त्यामुळे तिथे गेल्याचीच खूण उरली नाही.

आईने चवथीच्या आदल्या दिवशी माझे केस हनुवटीपर्यंत कापून घेतले. कापणाऱ्या बाईंनी खाली पडलेल्या बटा हातात घेऊन विचारलं, “यावर काय घातलं होतं, बाय?” माझ्याकडे सांगायला फक्त बाटलीवरचा तो आकडा होता.