महागड्या घड्याळावरचा पहिला ओरखडा: तसाच ठेवावा, घरी घालवावा की पॉलिशला द्यावा?

कुणी दोन-तीन वर्षांचा बोनस बाजूला टाकून, कुणी लग्नात मिळालेल्या पैशांत भर घालून ओमेगा, ट्यूडर किंवा ग्रँड सेइकोचं घड्याळ घेतं. पहिले काही आठवडे हात टेबलावर टेकवतानाही जपून टेकवला जातो. मग एका संध्याकाळी दिव्याखाली मनगट फिरवताना चेनच्या लॉकवर किंवा केसच्या, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या डबीच्या, चकचकीत कडेवर बारीक रेघ दिसते आणि पोटात खड्डा पडतो. एवढ्याशा रेघेचं इतकं वाईट का वाटावं असं घरचे म्हणतील, पण वाटतं. कष्टाच्या पैशाने घेतलेली, रोज अंगावर बाळगायची वस्तू आहे ती.

घड्याळाचं खरं नुकसान मात्र बहुतेक वेळा त्या रेघेने होत नाही. ती घालवण्याच्या घाईत होतं. म्हणून त्या दिवशी काहीही करू नका. रेघ कुठे पळून जात नाही. पुढचे चार मार्ग निवांतपणे पडताळून बघा.

आधी रेघ नीट बघून घ्या

मऊ ओल्या कापडाने ती जागा पुसा. घड्याळ वॉटर रेझिस्टंट असेल आणि चावी नीट बसलेली असेल, तर कोमट पाण्याखाली धरूनही चालेल. मग साधं पेन्सिलचं खोडरबर हलक्या हाताने फिरवा. सिरॅमिकच्या बेझेलवर, म्हणजे काचेभोवतीच्या कड्यावर, हा उपाय हमखास करावा. सिरॅमिक स्टीलपेक्षा कितीतरी कठीण असतं, त्यामुळे दाराच्या कडीला घासल्यावर अनेकदा कडीचाच धातू बेझेलवर उमटतो आणि तो ओरखड्यासारखा दिसतो. खोडरबराने तो निघून जातो आणि पुढचा सगळा प्रश्नच मिटतो.

रेघ राहिलीच, तर नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर ती वरवरची. अडकलं तर खोल, आणि घरगुती उपायांचा विषय तिथेच संपला. मग पृष्ठभाग कोणता आहे ते बघा. आरशासारखा चकचकीत भाग आणि एकाच दिशेने बारीक रेघा असलेला मॅट भाग, म्हणजे ब्रश्ड फिनिश, यांचे नियम पूर्ण वेगळे आहेत. एकाच घड्याळावर बहुधा दोन्ही असतात आणि त्यांच्या मधली धारदार कड हाच त्या घड्याळाचा सगळ्यात नाजूक भाग असतो.

काचेवर रेघ दिसत असेल तर आणखी एक शक्यता आहे. हल्लीच्या बहुतेक महाग घड्याळांची काच म्हणजे कृत्रिम नीलम, कठीणपणाच्या मोह्स मापावर 9. तिच्यावर सहसा ओरखडा पडत नाही. पण काही घड्याळांत काचेच्या बाहेरच्या बाजूलाही चमक कमी करणारा लेप असतो आणि तो काचेपेक्षा मऊ असतो. रेघ त्या लेपावर असते. ती पॉलिशने दुरुस्त होत नाही. खूपच खटकत असेल तर पुढच्या सर्व्हिसला काच बदलून घेणं हाच मार्ग.

तसाच ठेवणं

माझं मत आधीच सांगून टाकतो: केसवरचा पहिला ओरखडा दहापैकी नऊ वेळा तसाच ठेवावा. कारण धातूत आहे. ओरखडा ही खाच असते. ती भरून निघत नाही. पॉलिश म्हणजे खाचेच्या तळापर्यंत आजूबाजूचा धातू खरवडून काढणं. रेघ जाते तशी तिच्यासोबत केसची थोडी जाडीही जाते आणि ती परत येत नाही.

याचा परिणाम सगळ्यात आधी कडांवर दिसतो. देवघरातले पिढ्यान्‌पिढ्या घासलेले चांदीचे टाक आठवा. नाक-डोळे झिजून नुसता उंचवटा उरलेला असतो. वारंवार बफ मारलेल्या, म्हणजे फिरत्या मऊ चाकावर घासलेल्या, घड्याळाच्या लगची (केसची चेन अडकवायची टोकं) हीच गत होते. कड गोल होते, तासलेली तिरकी पट्टी अरुंद होत जाते, चेन अडकवायच्या पिनेची भोकं कडेच्या जवळ आल्यासारखी दिसू लागतात. ग्रँड सेइकोच्या झारात्सू पद्धतीत फिरत्या चकतीच्या सपाट तोंडावर केस धरून अजिबात लहर न येणारा आरसा तयार करतात. माणसाने त्या घड्याळासाठी मोजलेल्या पैशांपैकी मोठा भाग त्या सपाटपणाचा असतो. गल्लीतल्या मऊ चाकावर तो पाच मिनिटांत जातो.

जुन्या घड्याळांच्या बाजारातही हाच हिशोब चालतो. लिलावात ‘अनपॉलिश्ड’ केसला जास्त मागणी असते. अभिनेता पॉल न्यूमनने स्वतः वापरलेली रोलेक्स डेटोना 2017 साली न्यू यॉर्कमध्ये फिलिप्सच्या लिलावात 1 कोटी 77 लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. ती किंमत अर्थातच न्यूमनच्या नावाची होती, आपल्या घड्याळाला ते लागू नाही. पण ते कपाटात जपलेलं घड्याळ नव्हतं, वापरलेलं होतं, आणि त्या खुणांमुळे कुणाचा हात आखडला नाही. आपल्याकडे सेकंडहँड घड्याळ विकायला गेलात तरी जाणकार गिऱ्हाईक आधी कडा बघतं, बारीक रेघा नंतर.

आणखी एक गोष्ट अनुभवाने कळते, ती आधी सांगून पटत नाही. चकचकीत पृष्ठभागावर पहिली रेघ डोळ्यात खुपते कारण ती एकटी असते. वर्षभरात तिच्या सोबतीला इतक्या बारीक रेघा येतात की नजर एकीवर थांबत नाही. आणि त्या येणारच. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, मोह्स मापावर 7, म्हणजे स्टीलपेक्षा कठीण. नुसत्या बाहीने घड्याळ पुसलं तरी रेघ पडू शकते. रोलेक्सचं 904एल स्टील असेल तर ओरखडे पडत नाहीत, अशी समजूत बरीच पसरलेली आहे. ते स्टील निवडलं गेलं गंज न धरण्यासाठी. ओरखड्यांच्या बाबतीत ते इतर कंपन्यांच्या 316एल स्टीलपेक्षा फारसं वेगळं नाही.

तसाच ठेवू नये अशी वेळही येते. काचेच्या कडेला टवका उडाला असेल, चावी वाकली असेल, किंवा धक्का इतका जोरात बसला असेल की केसला पोचा आला आहे, तर तो दिसण्याचा प्रश्न राहत नाही. पाणी आत शिरू शकतं. पावसाळ्याआधी घड्याळ तपासून घ्या, वॉटर रेझिस्टन्सची चाचणी करून घ्या, आणि तोवर ते हातात घालून पोहू नका.

घरी घालवणं

घरी हात लावायला माझ्या मते एकच जागा योग्य आहे: लॉक, तेही ब्रश्ड आणि साध्या स्टीलचं. लॉक टेबलाला, लॅपटॉपच्या कडेला सतत घासतं, तिथे ओरखडे सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त पडतात. पुढेमागे फारच झिजलं तर बरेचदा लॉक बदलूनही मिळतं. केस बदलणं म्हणजे जवळपास नवं घड्याळ.

चेन शक्य असेल तर घड्याळापासून वेगळी करा. शेजारच्या चकचकीत भागावर मास्किंग टेप नीट, कडेला कड लावून चिकटवा. हार्डवेअरच्या दुकानात बारीक दाण्याचं करड्या रंगाचं अपघर्षक पॅड मिळतं, ते घ्या. भांड्यांचा हिरवा स्क्रबर भरड असतो, तो नको. मूळ रेघा ज्या दिशेने आहेत त्याच दिशेने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सरळ आणि एकाच दिशेने ओढा. पुढे-मागे घासलं की रेघा वाकड्या होतात आणि टोकाशी गोल वळण उमटतं, ते लगेच ओळखू येतं. दोन-तीनदा ओढून थांबा, पुसा, उजेडात बघा. रेघ पूर्ण जायला हवी असा हट्ट नको, आजूबाजूच्या पोतात मिसळली की पुरे.

चकचकीत भागासाठी केप कॉडसारखी पॉलिशचं द्रव्य मुरवलेली कापडं मिळतात. केसासारख्या बारीक रेघा त्यांनी फिक्या होतात, खोल ओरखडा जात नाही. तोटा असा की चुकून शेजारच्या ब्रश्ड भागावर फिरलं तर तो भाग चकाकायला लागतो आणि दोन फिनिशमधली सीमा पुसट होते.

टूथपेस्ट आणि ब्रासोबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण वडीलधारे हमखास तेच सुचवतात. त्यांचा अनुभव खोटा नाही, तो वेगळ्या घड्याळाचा आहे. एचएमटीच्या जुन्या घड्याळांची काच अ‍ॅक्रिलिकची होती. टूथपेस्ट चोळली की तिच्यावरचे ओरखडे खरंच जायचे. आजही ओमेगाच्या स्पीडमास्टर मूनवॉचच्या हेसलाइट, म्हणजे अ‍ॅक्रिलिकच्याच, काचेला हीच युक्ती लागू पडते, फक्त टूथपेस्टऐवजी पॉलीवॉचसारखी पेस्ट वापरतात. नीलमच्या काचेवर टूथपेस्टने काहीच होत नाही, उलट वरचा लेप असेल तर तो खराब होतो. सोन्याचा मुलामा, काळा पीव्हीडी किंवा डीएलसी लेप, कठीण थर दिलेलं टायटॅनियम, यांना कुठलंच पॉलिश लावू नका. थर गेला की खालचा धातू दिसतो आणि तो भाग कुठल्याही पॉलिशने पूर्ववत होत नाही.

ओळखीच्या घड्याळजीकडे देणं

इथे माणूस कोण आहे यावर सगळं आहे. उत्तम कारागीर मशीन बाहेर काढतो, केस, बेझेल, चेन वेगळी करतो, प्रत्येक पृष्ठभाग वेगळा हाताळतो आणि परत जोडल्यावर पाण्याची चाचणी करतो. काहींकडे लेझर वेल्डिंगची सोय असते. खोल खाचेत त्याच जातीचा धातू भरून मग वरचं फिनिश करतात, त्यामुळे आजूबाजूचा धातू कमी जातो. मोठ्या पोच्यासाठी हा मार्ग खरोखर चांगला आहे.

पण ‘अर्ध्या तासात बफ मारून देतो’ असं ऐकलंत तर घड्याळ उचला आणि घरी या. जोडलेलं घड्याळ तसंच चाकावर धरलं जातं, पॉलिशचा लगदा चावीच्या आणि बेझेलच्या फटीत जाऊन बसतो, आणि ब्रश्ड-चकचकीत सगळं एकसारखं चमकदार होऊन परत येतं. बघणाऱ्याला ते नवं वाटतं. महिन्याभराने तुम्हाला कळतं की कडा गेल्या. देण्याआधी त्यांनी पॉलिश केलेलं तुमच्यासारखंच दुसरं घड्याळ बघायला मागा आणि कडा भिंगाखाली बघा. वॉरंटी चालू असेल तर बाहेर उघडू देऊ नका. रोलेक्सची वॉरंटी 5 वर्षांची आहे, ती एका रेघेसाठी पणाला लावण्यात अर्थ नाही.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर

चारही मार्गांत हा सगळ्यात महाग आणि सगळ्यात सावकाश. घड्याळ कधीकधी काही महिने हातात नसतं. पण पॉलिश करायचंच असेल तर माझी पसंती यालाच. मूळ फिनिश कसं होतं हे त्यांना माहीत असतं, अवजारं तीच असतात, आणि काम झाल्यावर घड्याळ पाण्याच्या चाचणीतून जातं.

फक्त एका ओरखड्यासाठी मात्र देऊ नका. मशीनची सर्व्हिस कधी ना कधी करायचीच असते. रोलेक्स साधारण 10 वर्षांनी करायला सांगतं, ओमेगा 5 ते 8 वर्षांनी. पूर्ण सर्व्हिसमध्ये केस आणि चेनचं पॉलिश बहुधा धरलेलंच असतं. म्हणजे आज वेगळं पॉलिश केलंत आणि सर्व्हिसच्या वेळी पुन्हा झालं, तर पहिल्या वेळचा धातू फुकट गेला.

पारदर्शक फिल्मचाही पर्याय दुकानात सुचवला जातो. लॉकवर लावायला हरकत नाही. केसवर लावली की कडांशी मळ साचतो आणि ज्या फिनिशसाठी पैसे मोजले तेच झाकलं जातं.

मग कुणी काय करावं?

रोज ऑफिसला, लोकलमध्ये, दुचाकीवर घड्याळ घालणार असाल तर केसला हात लावू नका, लॉक अधूनमधून घरी सारखं करा. त्याच हातात कडं किंवा बांगड्या असतील तर त्या दुसऱ्या हातात घाला. केसच्या बाजूचे बरेच ओरखडे तिथूनच येतात. घड्याळ सोन्याचं असेल तर पॉलिशचा मोह आणखी आवरा. 18 कॅरेट सोनं मऊ, रेघा भराभर पडतात, आणि खरवडलं जातं ते सोनंच.

एखाद-दोन वर्षांत विकायचा विचार असेल, तरी पॉलिश करून विकू नका. फोटोत ओरखडा दाखवा, पॉलिश झालेलं नाही हे लिहा.

आणि रेघेकडे बघून घड्याळ घालावंसंच वाटत नसेल, सहा महिन्यांनीही नाही, तर हट्टाने सहन करायची गरज नाही. चांगल्या कारागिराकडे किंवा कंपनीकडे एकदा नीट पॉलिश करून घेतल्याने घड्याळ बिघडत नाही. धोका दर वर्षी करण्यात आहे.

सर्व्हिसला देताना काउंटरवर तोंडी सांगून भागत नाही. फॉर्मवर लिहून घ्या: केस पॉलिश करू नये, किंवा फक्त चेन आणि लॉक करावं, केसच्या कडांना हात लावू नये. बदललेले भाग परत मिळणार का, तेही तिथेच विचारा. मग चारही बाजूंचे फोटो काढून, पावतीवर घड्याळाचा सिरियल नंबर तपासून घड्याळ त्यांच्या हवाली करा.