थंडीत थरथरणारं इंजिन आणि ईएलएम ३२७ स्कॅनर
खानापूर-जांबोटीकडच्या डिसेंबरच्या सकाळी पेट्रोल गाडी सुरू होताच थरथरत असेल, तर बेळगावचं गॅरेज गाठण्याआधी ईएलएम ३२७ हा गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती मोबाइल ॲपवर दाखवणारा काडेपेटीएवढा ब्लूटूथ स्कॅनर स्टिअरिंगखालच्या ओबीडी (तपासणीच्या) सॉकेटला लावा. गाडी रात्रभर उभी हवी. चावी फक्त ऑन करून कूलंटचं तापमान बघा. बाहेर १५ अंश असताना ॲपवर ४० दिसलं, तर सेन्सर खोटं बोलतोय. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजिन गरम आहे समजून पेट्रोल कमी सोडतं आणि इंजिन अडखळतं.

पी०३०१ कोड (पहिला सिलिंडर नीट पेटत नाही) आला आणि प्रत्येक प्लगला ठिणगी देणारी स्वतंत्र कॉइल असेल, तर पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइल अदलाबदल करा. कोड पी०३०२ (दुसरा सिलिंडर) झाला की कॉइल गेलीच. कोड जागचा हलला नाही तर आधी प्लग, मग इंजेक्टर तपासा. फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती वाढवतं-घटवतं तो आकडा) मात्र इंजिन तापल्यावरच वाचा. आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) +१५ टक्के आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ, म्हणजे व्हॅक्यूम पाइप कुठेतरी हवा ओढतोय.

इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटल बॉडीवरचा कार्बन या स्कॅनरला दिसत नाही. तिथं क्लीनर आणि फडकंच. डिझेल गाडीचे ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना तापणारे) तपासायला मल्टिमीटर बरा. स्वस्त नकला मधेच कनेक्शन सोडतात, वैताग येतो. काम झालं की काढून ठेवा, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी उतरेल.