खात्रीची म्हणून घेतलेली जोडी

"साहेब, प्रूव्हन पेअर आहे. अंडी घातल्याचा व्हिडिओच पाठवतो." विकणाऱ्याच्या एवढ्या बोलण्यावर मी भुललो. प्रूव्हन पेअर म्हणजे एकत्र पिल्लं काढू शकते याची खात्री पटलेली नर-मादीची जोडी. म्हणून सुट्या दोन एंजलफिशच्या कितीतरी पट पैसे मोजून ती जोडी घेतली. व्हिडिओत उभ्या स्लेटवर, म्हणजे अंडी घालायला टाकीत ठेवलेल्या पाटीवर, अंड्यांच्या सरळ ओळी होत्या आणि दोन मासे पंखांनी वारा घालत राखण करत होते. पिल्लं कुठेच नव्हती, पण ते मला खटकलं नाही. नर कोणता, असं विचारलं तर म्हणाला, "याचं कपाळ बघा ना, फुगीर आहे." मी मान डोलावली.

अकराव्या दिवशी अंडी पडली. घरातल्या सगळ्यांना हाका मारून दाखवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत निम्मी पांढरीफटक झाली, तिसऱ्या दिवशी सगळ्यांवर कापसासारखी बुरशी. फळलेलं अंडं पारदर्शक, मधाच्या रंगाचं राहतं. त्यात काळसर ठिपका दिसू लागतो आणि २७-२८ अंशाला अडीच-तीन दिवसांत शेपट्या वळवळायला लागतात. माझ्याकडे काहीच वळवळलं नाही.

फोन केला. "पहिली दोन-तीन वेळा असं होतंच, स्थिरावू द्या त्यांना." हे खोटं नाही. नवख्या जोडीची सुरुवातीची अंडी वाया जातात, कधी आईबापच ती खाऊन टाकतात. म्हणूनच तर मला पटलं. दुसऱ्या खेपेला त्याने माझ्या पाण्याला दोष दिला आणि पीएच उतरवायचं औषध विकलं. तिसऱ्या खेपेला बुरशीवर मेथिलीन ब्लू. बुरशी मेलेल्या अंड्यावर आधी धरते, हे मला ठाऊक होतं, तरी मी बाटली घेतली. एकदा पैसे गुंतले की माणूस स्वतःलाच समजावत बसतो.

चौथ्या वेळी मी टँकसमोर स्टूल टाकून बसलो. एक मासा स्लेटवर पोट टेकवत खालून वर गेला, मागे अंड्यांची ओळ. दुसरा त्याच वाटेने वर सरकला. आता हा अंडी फळवतोय, असं मी म्हणतोय तोवर त्याच्याही मागे नवी अंडी चिकटत गेली! टॉर्च लावून पाहिलं, तर दोघांच्याही पोटाखालची प्रजननाची नळी जाड आणि बोथट. नराची बारीक आणि टोकदार असते. म्हणजे चार खेपा मी दोन माद्यांची अंडी उबवायला बसलो होतो.

नर नसला तर दोन एंजल माद्या आपसांत जोडी जमवतात, जागा साफ करतात, अंडी घालतात, राखतातही. बाहेरून सगळं अगदी संसारासारखं दिसतं. नळी अंडी घालण्याच्या आगेमागेच नीट दिसते, एरवी नर-मादी ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. त्यामुळे हा माणूसही चुकला असेल, असं मी मनाशी म्हणत होतो. फोनवर तो "जिवंत मालाची गॅरंटी नसते" म्हणाला, त्यानंतर त्याने मला ब्लॉक केलं. तरी शंकेचा फायदा देत होतो.

मग एका मित्राने विचारलं, ही जोडी घेऊ का? सोबत व्हिडिओ. तीच स्लेट, डावा कोपरा टवका उडालेला. मासे माझ्याकडे येऊन तीन महिने झाले होते, आणि व्हिडिओ दुसऱ्याच जोडीच्या नावावर फिरत होता.

मित्राला म्हटलं, अंडी नको, याच दोन माशांच्या समोर स्लेटवर वळवळणारी पिल्लं दाखव म्हणावं, आणि तीही आज, व्हिडिओ कॉलवर. त्याने तसं विचारलं. उत्तर आलंच नाही. मित्राने शेवटी सहा छोटी पिल्लं आणली. ती वाढून आपापली जोडी निवडेपर्यंत वर्षही जाईल, पण त्याला घाई नाही.

माझ्या दोघींनी काल परत अंडी घातलीत, या वेळी हीटरच्या नळीवर.