हँडब्रेकची नवी आवृत्ती: जुने सिनेमे पुन्हा एन्कोड करावेत का?

डीव्हीडी संगणकावर उतरवून ठेवणाऱ्यांचं हँडब्रेकवाचून पान हलत नाही. व्हिडिओ दाबून लहान करणारा, म्हणजे एन्कोड करणारा हा प्रोग्रॅम फुकट आहे, मुक्तस्रोत आहे. १.६ आवृत्तीपासून त्यात एव्ही१ हा व्हिडिओ दाबण्याचा नवा प्रकार आला, एच.२६५ प्रकारात दाबणारं दहा बिटचं (रंगांच्या जास्त पायऱ्यांचं) एक्स२६५ त्याआधीपासून आहेच. मग पंधरा वर्षांपूर्वी एन्कोड केलेले सिनेमे आता पुन्हा करायचे का? बहुतेक फाइलींना हात लावू नका. पण काही फाइली खरोखर बिघडलेल्या असतात आणि त्या हुडकून काढायलाच हव्यात.

पहिली अट मूळ डिस्कची, किंवा तिच्या जशाच्या तशा प्रतीची. ती नसेल तर विषय संपला. जुन्या एमपी४ फाइलीवरून एच.२६५ करणं म्हणजे झेरॉक्सवरून झेरॉक्स काढणं. गेलेला तपशील परत येत नाही, उलट जुन्या एन्कोडिंगचे चौकोनी डागही नवा एन्कोडर इमानाने जपतो आणि त्यावर बिट खर्च करतो.

डिस्क हाताशी असेल तर जुनी फाइल मीडियाइन्फोत, म्हणजे फाइलीची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा. एक्स२६४ हा एच.२६४चा जुना एन्कोडर आपली सेटिंग फाइलीतच लिहून ठेवतो. तिथे सीआरएफ (दर्जाचा आकडा, लहान तितका दर्जा जास्त) १८ ते २२ आणि रुंदी ७२० च्या आसपास दिसली तर ती फाइल राहू द्या. एक्सव्हिड या आणखी जुन्या एन्कोडरची एव्हीआय असेल किंवा जुन्या फोनसाठी ३२० रुंदीवर आणलेली असेल तर पुन्हा करा.

खरा घोळ मात्र इंटरलेसिंगचा, म्हणजे एकाच फ्रेममध्ये दोन क्षणांच्या ओळी आलटून पालटून असण्याचा असतो. व्हीएलसीत सिनेमा लावा, कुणी भराभर चालतंय अशा जागी थांबवा आणि ई ही कळ दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. हाताच्या किंवा पदराच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसल्या, तर फाइल इंटरलेस्ड अवस्थेतच दाबली गेली आहे. तीन फ्रेम स्वच्छ आणि दोन रेघांच्या असं चक्र असेल तर डिस्क एनटीएससी (अमेरिकी टीव्ही पद्धतीची) आहे आणि टेलिसिने, म्हणजे सिनेमा त्या पद्धतीत बसवताना घातलेल्या जादा फ्रेम, काढायचं राहिलंय. आपल्याकडे पाल पद्धत असली तरी हिंदी सिनेमांच्या कितीतरी डीव्हीडी एनटीएससीत निघाल्या, म्हणून हे वारंवार दिसतं. एकदा दाबलेल्या फाइलीतून या रेघा नीट निघत नाहीत, कारण कॉम्प्रेशनने त्या फासटलेल्या असतात. मूळ डिस्कवरून मात्र हँडब्रेक हे काम फार सुरेख करतो. पालसाठी इंटरलेस डिटेक्शन आणि डीकोम्ब (रेघा काढणारं फिल्टर) पुरे. टेलिसिने असेल तर डीटेलिसिने सुरू करा आणि फ्रेमरेट ‘सेम ॲज सोर्स’, व्हेरिएबल ठेवा.

नुसती जागा वाचवायला निघाला असाल तर आधी हिशोब करा. अडीच तासांचा सिनेमा १५०० केबीपीएसवर साधारण १.७ जीबी होतो. एक्स२६५ने तो १.१ वर आला, तर ३०० सिनेमांमागे १८० जीबी वाचले. २५ फ्रेमच्या अडीच तासांत २,२५,००० फ्रेम असतात. संगणक सेकंदाला ५० फ्रेम करत असेल तर सिनेमामागे सव्वा तास, म्हणजे सगळे मिळून पंधरा दिवसांहून जास्त, रात्रंदिवस. एवढ्या जागेसाठी हे परवडत नाही.

डीव्हीडीसाठी दहा बिटचं एक्स२६५, स्लो प्रिसेट, आरएफ (हँडब्रेकमधलं सीआरएफचं नाव) १८ ते २० ही जोडी चांगली. मूळ आठ बिटचं असलं तरी दहा बिटमुळे संध्याकाळच्या आकाशात पट्टे कमी पडतात. आरएफचा आकडा एन्कोडरगणिक बदलतो, एक्स२६४चा २० आणि एसव्हीटी-एव्ही१ या एव्ही१ एन्कोडरचा २० एक नव्हे. म्हणून रेंजमध्ये सेकंद निवडून अंधाऱ्या प्रसंगाची दोन मिनिटं आधी करून बघा, तीही ज्या टीव्हीवर पाहायचं त्याच टीव्हीवर. एव्ही१ जुने टीव्ही चालवत नाहीत, रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकामध्येही त्याचा हार्डवेअर डीकोडर नाही. ग्राफिक्स कार्डावरचं एन्कोडिंग झपाट्याने होतं, पण तेवढ्याच दर्जासाठी फाइल मोठी होते. संग्रहासाठी नको.

हँडब्रेकच्या उणिवाही आहेत. मूळचं ‘फास्ट १०८०पी३०’ प्रिसेट एकच स्टिरिओ एएसी ट्रॅक घेतं. ५.१ (सहा चॅनेलचा) आवाज हवा असेल तर एसी३ पासथ्रू (मूळ आवाज जसाच्या तसा घेणं) हाताने निवडावा लागतो, सबटायटलही आठवणीने जोडावी लागतात. डीव्हीडीची सबटायटल चित्ररूप असतात, त्यांच्यासाठी एमकेव्हीच घ्या. व्हिडिओ न बदलता नुसतं कंटेनर (एमपी४, एमकेव्हीसारखं वेष्टन) बदलणं याला जमत नाही, ते एफएफएमपेग या दुसऱ्या प्रोग्रॅमकडून मिनिटभरात होतं. कॉपी संरक्षण असलेली डिस्कही हा उघडत नाही.

मराठी सिनेमा-नाटकांच्या व्हीसीडी मात्र एन्कोड करूच नका. ३५२×२८८ आणि ११५० केबीपीएस, त्यात पिळून काढण्यासारखं काही उरलेलं नाही. एमपीईजीएव्ही फोल्डरमधल्या डॅट फाइलीतला प्रवाह न बदलता एमपीजी म्हणून उतरवा आणि ठेवा.

नव्या फाइलीच्या शेवटच्या दहा मिनिटांत ओठ आणि आवाज जुळतायत हे पाहिल्याशिवाय जुनी पुसू नका.