इको स्कोअर ९४, तरी युनिटं जास्त! एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

इलेक्ट्रिक गाडीची रेंज, बॅटरी, फीचर्स यावर भरपूर लिहून झालंय. मला बोलायचंय ते प्रवास संपला की स्क्रीनवर झळकणाऱ्या इको स्कोअरबद्दल, म्हणजे गाडी किती काटकसरीने चालवली याच्या गुणांबद्दल, कारण या आकड्याने माझं डोकं उठवलंय.

मे महिना, हडपसर ते हिंजवडी, ऑफिसची वेळ. स्कोअर ९४, आणि एका युनिटला जेमतेम साडेपाच किलोमीटर! त्याच आठवड्यात पुण्याहून पनवेलला उतरलो. घाटात लेन कापणाऱ्या ट्रकमुळे दोन-तीनदा जोरात ब्रेक लागला. स्कोअर ७१, पण युनिटला साडेआठ किलोमीटर. वीजबिल मी भरतो, मग शाबासकी कुठल्या प्रवासाला द्यायची?

सर्व्हिस सेंटरचं उत्तर: "सर, सगळ्या गाड्यांना असंच दाखवतं." शेवटी मीच नोंदी ठेवल्या. माझ्या गाडीचा स्कोअर फक्त पाय बघतो: अ‍ॅक्सिलरेटर किती हळू दाबला, ब्रेक किती अलगद लावला. एसी त्याच्या हिशोबातच नाही. ट्रॅफिकमध्ये दीड तास रांगताना एसीच दोनेक युनिटं खातो, तरी गुण पूर्ण. एक्सप्रेसवेवर क्रूझ कंट्रोल लावून सलग १०० ने गेलं तरी नव्वदच्या वर. वास्तविक ८० च्या तुलनेत १०० ला हवेचा विरोध दीडपटीहून जास्त असतो. उलट खंडाळ्याचा घाट चढताना गुण धडाधड कापले जातात. अहो, १६०० किलोची गाडी ६०० मीटर वर उचलायलाच अडीच युनिटं लागतात, त्यात ड्रायव्हरचा काय दोष?

सगळ्यात खटकतं ते रीजनला, म्हणजे वेग कमी होताना चाकांतून वीज बनवून परत बॅटरीत भरण्याला, मिळणारे जादा गुण. चाकातून बॅटरीत आणि बॅटरीतून परत चाकात, प्रत्येक फेरीत थोडी वीज वाया जातेच. मोकळ्या सपाट रस्त्यावर रीजन शून्यावर ठेवून गाडी वाहू देणं जास्त स्वस्त पडतं, पण त्याला हा स्कोअर काही देत नाही. आणि लोणावळ्यात १०० टक्के चार्ज करून घाट उतरू नका. भरलेल्या बॅटरीत वीज घ्यायला जागा नसते, रीजन जवळपास बंद पडतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

पावसाळ्यात मात्र माझं मत थोडं बदललं. शहरात सिग्नल लांबून दिसला की पाय उचलायची सवय या स्कोअरनेच लावली, हे मान्य. ऑफिसच्या रस्त्यावर आता युनिटला साडेसहा मिळतात. पावसात एसी कमी लागतो, त्यामुळे सगळं श्रेय पायाला देणार नाही. पण नव्या ड्रायव्हरच्या हाती गाडी देताना पहिले दोन-तीन आठवडे स्कोअर जरूर चालू ठेवा.

मी आता मुख्य स्क्रीनवर 'युनिटला किलोमीटर' लावलंय. पण ती सेटिंग सध्या तीन मेनू आत दडलेली आहे. पुढच्या अपडेटमध्ये हा आकडा आधीपासूनच स्कोअरशेजारी मोठ्या अक्षरात द्या, असं कंपनीला लेखी कळवलंय. उत्तर आलं की इथेच टाकतो.