नुकसानीची वही: ग्राहकाच्या घरी हातून काही बिघडल्यावर वापरायची पद्धत, अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

घरांची साफसफाई हा माझा गेल्या नऊ वर्षांचा व्यवसाय आहे आणि शेवटची तीन वर्षे माझ्याबरोबर आणखी दोघी जणी काम करतात. ग्राहकाच्या घरी आपल्या हातून काही फुटले, खरवडले गेले किंवा डागाळले तर काय करायचे, याची एक पद्धत मी अकरा महिन्यांपूर्वी ठरवून घेतली. तिचे साहित्य साधे आहे: जाड पुठ्ठ्याची एक वही, फोनचा कॅमेरा आणि सामानाच्या पेटीत कायम ठेवलेला मऊ कागद, कागदी पिशव्या व चिकटपट्टी. या काळात वहीत चौदा नोंदी झाल्या आहेत. ही पद्धत कुठे उपयोगी पडली, कुठे बदलावी लागली आणि तिचा कोणता भाग मी सोडून दिला, ते इथे लिहीत आहे.

पहिली नोंद ही वही विकत घेण्याच्या आधीची आहे. ज्या घरी मी सहा वर्षे जाते आणि ज्या घराची किल्ली माझ्याकडे असते, तिथल्या न्हाणीघरात बेसिनशेजारी पांढऱ्या संगमरवराची एक फळी आहे. नळावर साचलेले क्षार काढण्यासाठी मी आम्लयुक्त द्रावणात भिजवलेले फडके नळाभोवती गुंडाळले होते. ते सोडल्यावर आरसा पुसून होईपर्यंत मी ते फडके त्या फळीवर ठेवले आणि उचलले तेव्हा तळहाताएवढा भाग निस्तेज झालेला दिसला. तो डाग आहे असे समजून मी तो पाण्याने, मग साबणाने पुसला, पण तो निघणे शक्यच नव्हते. संगमरवर हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा दगड आहे. आम्ल लागले की त्याचा वरचा घोटलेला थर विरघळतो, म्हणजे त्या जागी काही चिकटलेले नसते, उलट दगडातलेच काही निघून गेलेले असते. त्या घरच्या काकू त्या दिवशी बाहेर गेल्या होत्या. त्यांना फोन करता आला असता. मी केला नाही. न्हाणीघरातल्या मंद उजेडात ते दिसणार नाही, अशी स्वतःची समजूत घालून मी घरी आले.

पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा फळीचा पुढचा अर्धा भाग निस्तेज झाला होता आणि त्यावर बारीक चरे पडले होते. आपल्या औषधाची बाटली तिथे पाझरली असावी असे काकूंना वाटले होते, आणि आपणच केलेला डाग आपणच काढावा म्हणून त्या दोन दिवस खरखरीत पावडरीने तो घासत राहिल्या होत्या. मी सगळे सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग एवढेच म्हणाल्या, “अगं, मग मला घासत का बसू दिलंस?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि वहीची सुरुवात तिथून झाली. तोपर्यंत न सांगणे म्हणजे फक्त विश्वासाचा प्रश्न आहे असे मी मानत होते. प्रत्यक्षात माझ्या गप्प राहण्यामुळे तळहाताएवढे काम संपूर्ण फळी पुन्हा घासून घोटण्याइतके वाढले होते. नुकसान झाल्या क्षणी थांबत नाही. लाकडात शिरलेले पाणी तासागणिक खोल जाते, सैल झालेले बिजागर प्रत्येक उघडझापीबरोबर आणखी सुटते, आणि काय घडले हे ज्याला ठाऊक नाही तो माणूस चुकीचा उपाय करून बसतो.

पद्धतीचा पहिला भाग म्हणजे फेरी. नवे घर घेताना आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी मी ग्राहकासोबत घरभर फिरते. आधीचे टवके, हलणारे खुंट, सैल स्क्रू, भिंतीवर नुसत्या अडकवलेल्या जड चौकटी, कोणते दगड आणि कोणते लाकूड, कशाला हात लावायचा नाही, हे सगळे वहीत उतरवते. वीस मिनिटांचे हे काम या पद्धतीतला सर्वांत मोलाचा भाग ठरले आहे. अशाच एका फेरीत एका घरातले काचेचे कपाट भिंतीला पक्के केलेलेच नाही, ते केवळ स्वतःच्या वजनावर उभे आहे, हे कळले. आम्ही त्याच्या वरच्या फळ्या पुसताना रोज त्यावर भार देत होतो. काकूंच्या घरच्या गेल्या फेरीत त्यांनी स्वतःहून फरशीवरचा एक ताजा टवका दाखवला आणि हा आपल्या हातून पडला आहे, तसे लिहून ठेव, असे सांगितले. मी तारखेसह लिहून ठेवले.

दुसरा भाग नुकसान झाल्यानंतरच्या पहिल्या तासाचा आहे. हातातले काम थांबवायचे, कुणाला इजा होणार नाही एवढे पाहायचे, रसायन सांडले असेल तर साध्या पाण्याने भरपूर धुऊन कोरडे करायचे आणि त्यापुढे काहीही करायचे नाही. हा शेवटचा नियम पाळणे सर्वांत अवघड आहे. डाग दिसला की दुसरी बाटली उचलण्याची ऊर्मी येते आणि त्यातून दुप्पट नुकसान होते. आम्लाच्या द्रावणावर ब्लीच ओतले तर क्लोरीन वायू सुटतो, म्हणजे प्रश्न फळीचा न राहता श्वासाचा होतो. जादूचा स्पंज म्हणून विकला जाणारा मेलामाइन फोमही अशा वेळी हाताशी असतो, परंतु तो अत्यंत बारीक पॉलिशपेपरासारखे काम करतो. चकचकीत रंगाच्या कपाटावर त्याने डाग जातो आणि त्याबरोबर चकाकीही जाते. वहीतली चौथी नोंद नेमकी अशीच आहे, आणि ती माझ्या सहकारी मैत्रिणीची नसून माझी आहे.

त्यानंतर फोटो, आणि लगेच सांगणे. सांगण्याची वाक्ये मी आधीच ठरवून ठेवली आहेत, कारण त्या क्षणी जीभ जड होते. काय झाले, कशामुळे झाले, आत्ता मी काय केले आहे आणि कशाला हात लावू नये, एवढेच सांगायचे. ग्राहक घरी असेल तर प्रत्यक्ष नेऊन दाखवायचे. नसेल तर आधी फोन करायचा आणि फोटो मागाहून पाठवायचे. नुसता फोटो पाठवून मी एकदा चूक केली होती. पडद्याची तुटलेली दोरी फोटोत संपूर्ण पडदाच कोसळल्यासारखी दिसली आणि त्या ताई काम सोडून धावत घरी आल्या.

त्या दोरीची नोंद मी पुन्हा पुन्हा वाचते. खिडकीच्या पट्ट्यांचा पडदा पुसताना दोरी माझ्या हातात तुटली. उन्हाने ती इतकी ठिसूळ झाली होती की बोटांनी चुरा होत होता. नुकसान माझ्या हातात झाले, पण कारण माझा हात नव्हता. मी ताईंना दोन्ही गोष्टी सांगितल्या: दोरी मी ओढली तेव्हा तुटली, आणि ती कशी झाली आहे ते हे पाहा. आम्ही दोघींनी नव्या दोरीचा खर्च निम्मा निम्मा वाटून घेतला. सगळा दोष अंगावर घेणे हाच प्रामाणिकपणा, असे पूर्वी मला वाटत असे. आता वाटते की जीर्ण वस्तूला जीर्ण म्हणणे हाही खरे बोलण्याचाच भाग आहे, मात्र ते दोष झटकण्यासाठी पहिल्याच वाक्यात येता कामा नये.

फुटलेल्या वस्तूंबाबत मऊ कागद आणि पिशव्या फार कामाला आल्या. एका घरात चिनी मातीच्या जुन्या हरिणाचा पाय आणि एक शिंग माझ्या सहकारी मैत्रिणीच्या हातून तुटले. तिने सगळे तुकडे, अगदी केराच्या सुपलीत आलेल्या कपच्यांसह, वेगवेगळे गुंडाळून ठेवले आणि बसतात का हे पाहण्यासाठी तुकडे एकमेकांवर घासले नाहीत, कारण तसे केल्याने कडा आणखी झिजतात आणि जोड कधीच नीट बसत नाही. घरच्यांचाच आग्रह होता की तुम्हीच गोंदाने चिकटवून टाका, आमचे काही म्हणणे नाही. आम्ही नकार दिला. घाईने लावलेला झटपट गोंद जरा वाकडा बसला तरी नंतर दुरुस्ती करणाऱ्याला आधी तो सोडवावा लागतो. जाणकार कारागिराने ते हरीण इतके व्यवस्थित जोडून दिले की जोड हाताला लागतो, पण लांबून दिसत नाही. तुकड्यांतली एक कपची जरी केरात गेली असती, तरी शिंगाच्या टोकाशी खाच राहिली असती.

विम्याविषयी मला जे उशिरा कळले ते इथे सविस्तर लिहिते, कारण या कामातल्या अनेकींना ते माहीत नसते. आमच्याकडे दायित्व विमा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाले तर भरपाई देणारा विमा, होता आणि त्यात सर्व काही येते असा माझा समज होता. पॉलिसी नीट वाचल्यावर लक्षात आले की काम करताना शेजारची वस्तू पडून फुटली तर ती भरपाईत येते, परंतु ज्या वस्तूवर आपण प्रत्यक्ष काम करत आहोत तिचेच नुकसान झाले तर ते वगळलेले आहे. साफसफाईच्या धंद्यात बहुतेक नुकसान याच दुसऱ्या प्रकारचे असते. असे कलम बऱ्याच दायित्व पॉलिसींमध्ये असते आणि ते संरक्षण वेगळे मागून घ्यावे लागते. शिवाय विमा कंपनीला कळवण्याआधी भरपाईची जबाबदारी स्वीकारू नये, अशीही अट अनेकदा असते. ही अट वाचून मी गोंधळले, कारण माझी सारी पद्धत लगेच सांगण्यावर उभी आहे. त्यातून मी काढलेला मार्ग असा की घडलेली गोष्ट संपूर्ण सांगायची, मनापासून माफी मागायची, पण किती भरपाई आणि कोण देणार याचे वचन त्या तासात द्यायचे नाही. दोन दिवसांत कळवते असे सांगायचे आणि दोन दिवसांत खरोखर कळवायचे. आतापर्यंत एकाही ग्राहकाने याबद्दल नाराजी दाखवलेली नाही.

जुन्या ग्राहकांच्या घरी सर्वांत नाजूक प्रसंग येतो तो ते रागावल्यावर नव्हे, तर “असू दे” म्हणाल्यावर. अशा वेळी सुटल्यासारखे वाटते, पण तो शब्द पुष्कळदा संकोचातून आलेला असतो. मी आता पुढच्या भेटीत एकदाच पुन्हा विचारते आणि दुरुस्तीचा खर्च किती येईल हे चौकशी करून सोबत सांगते, म्हणजे त्यांच्यापुढे भावनेऐवजी एक ठोस गोष्ट असते. नोंदींपैकी तीन ठिकाणी दुसऱ्यांदा विचारल्यावर दुरुस्ती मान्य झाली. भरपाई म्हणून फुकट काम करून देण्याचा मार्ग मात्र मी सोडला. एका घरी चार वेळा फुकट काम केले आणि त्या चारही वेळी आम्हा दोघींना एकमेकींशी मोकळेपणाने बोलता आले नाही. त्यांना काम सांगताना अवघड वाटत होते आणि मला नाही म्हणताना.

पद्धतीचा जो भाग फसला तो म्हणजे रोजचे फोटो. सुरुवातीला मी प्रत्येक घरी काम सुरू करण्याआधी खोल्यांचे फोटो घेत असे. पाच वर्षांची ओळख असलेल्या एका आजोबांनी विचारले, “आमच्यावर विश्वास नाही का?” मला खरोखर लाज वाटली. दुसऱ्याच्या घराचे, त्यांच्या कागदपत्रांचे आणि कपाटांचे शेकडो फोटो माझ्या फोनमध्ये पडून असणे योग्य नाही, हेही तेव्हाच ध्यानात आले. आता फोटो फक्त फेरीच्या वेळी, विचारून आणि नेमक्या टवक्याचा किंवा चऱ्याचा घेते. नुकसानीचा फोटो प्रकरण मिटल्यावर ग्राहकाला विचारून काढून टाकते.

दुसरी सुधारणा सहकारी मैत्रिणींमुळे झाली. पहिल्या तीन महिन्यांत वहीत फक्त माझ्याच नोंदी होत होत्या, आणि तिघी जणी काम करत असताना हे संभवत नव्हते. नोंदीसमोर नाव लिहायचे होते आणि नुकसानीचे पैसे पगारातून जातील अशी भीती त्यांच्या मनात होती. मी तसे कधी केले नव्हते, पण तसे करणार नाही असे स्पष्ट सांगितलेही नव्हते. नावाचा रकाना काढला, पगारातून काहीही कापले जाणार नाही हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आणि त्याऐवजी कारणाचा रकाना मोठा केला. पुढच्याच महिन्यात तीन नोंदी आल्या, त्यांतल्या दोन जुन्या होत्या. त्या दोन्ही घरी मी स्वतः जाऊन सांगितले. एका ग्राहकाने काम बंद केले, आणि ते त्यांचे बरोबर होते.

काकूंची फळी दगडाला पॉलिश करणाऱ्या कारागिराने संपूर्ण घासून घोटून दिली. त्या घरी आता दगडासाठी वेगळी पेटी आहे आणि तिच्यात फक्त उदासीन, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कही नाही असा, साबण व स्वच्छ फडकी असतात.

चौदावी नोंद गेल्या सोमवारची आहे. लाकडी मेजावर ओले फडके राहिले आणि पॉलिशवर पांढुरके धुके उमटले. पांढरे असेल तर ओल बहुधा वरच्या थरातच अडकलेली असते आणि वाळल्यावर पुष्कळदा आपोआप निघून जाते. काळपट झाले असते तर ती लाकडापर्यंत गेली असे समजावे लागले असते. घरच्यांना त्याच वेळी दाखवले आहे, मेजावर काही ठेवू नका आणि काही चोळू नका असे सांगितले आहे, आणि गुरुवारी पुन्हा पाहायला जायचे आहे. तोवर निकालाचा रकाना रिकामा आहे.